ओटाक्सा

मृग लागला कीं आमच्या आळींत कुंपणावरून फांद्यांची देवघेव सुरू होते. जास्वंद, गुलाब, तगर, मोगरा यांच्या वीतवीतभर कांड्या ओल्या फडक्यांत गुंडाळून एका घरांतून दुसऱ्या घरांत जातात. त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, आणि इतिहास तर मुळींच लिहीत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं अशाच एका फडक्यांतून महाबळेश्वराहून हायड्रेंजियाची एक फांदी आमच्या घरीं आली. ती कोठें व कशी लावावी हें पाहण्यासाठीं आम्हीं पुस्तकें चाळलीं, आणि चाळतां चाळतां एका नांवापाशीं अडलों. ह्या झाडाच्या एका जुन्या बागाइती प्रकारास 'ओटाक्सा' असें म्हणतात. हा शब्द लॅटिन नव्हे, ग्रीक नव्हे. आणि जपान हें ज्या झाडाचें माहेर, त्या जपानच्या भाषेंतही ह्या झाडाचें असें नांव नाहीं. त्या शब्दाचा माग काढीत गेल्यावर जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्यांना हें झाड पाहण्याचा योग आला नसेल त्यांच्यासाठीं त्याचें थोडें वर्णन केलें पाहिजे. उंची सामान्यतः पुरुषभर. पानें रुंद, जाड, कडेला दांते असलेलीं व समोरासमोर येणारीं. आणि फांदीच्या शेंड्याला नारळाएवढा, कधीं त्याहूनही मोठा, फुलांचा चेंडू. ह्या चेंडूंत ज्यांना आपण पाकळ्या म्हणतों त्या पाकळ्या नव्हेत. इतर फुलांत कळीला बाहेरून झांकणारीं जीं लहान हिरवीं पानें असतात तींच येथें रुंद व रंगीत झालेलीं असतात. हा सगळा थाट वांझ आहे. खरीं, बीज धरणारीं फुलें मोहरीएवढीं असून त्या गर्दींत कोठें तरी लपलेलीं असतात, व तींही थोडीं. क्वचित् बीं धरलेंच तर त्यापासून होणारें रोप आईसारखें निघेल याची हमी नाहीं. अर्थात् एखाद्या माळ्याला एखादें झाड आवडलें, व तेंच पुढें टिकावें असें वाटलें, तर फांदी छाटून लावण्यावांचून त्याला गत्यंतर नसतें. ती फांदी म्हणजे त्या झाडाचें मूल नव्हे, तेंच झाड होय. शंभर वर्षांपूर्वींच्या एखाद्या नामांकित हायड्रेंजियाचें रोप आज आपल्या कुंडींत असेल तर तो त्याचा वंशज नसून त्याच देहाचा एक तुकडा आहे. मधल्या काळांत त्याला कोणाच्या ना कोणाच्या हातानें सतत छाटून लावलें म्हणूनच तो जिवंत राहिला. एका पिढीनें कंटाळा केला असता तर तो प्रकारच संपला असता.

ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. मनूनें उद्भिज्जांचे दोन वर्ग केले आहेत, बीजापासून उगवणारीं व कांडापासून उगवणारीं. कौटिल्यानें कांडें लावण्यापूर्वीं त्यांच्या छाटलेल्या तोंडांना मध, तूप, डुकराची चरबी व शेण यांचा लेप देण्यास सांगितलें आहे. वराहमिहिरानें फणस, अशोक, जांभूळ, डाळिंब इत्यादि झाडांच्या फांद्या शेणानें लिंपून लावाव्या असें म्हटलें आहे. आमचा शेतकरी ऊंस लावतो तो कांडीच लावतो. 'कलम' हा शब्द मात्र फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ बोरू. आणि बोरू तिरका छाटतात तशीच फांदीही छाटतात, म्हणून लेखणी व कलम यांना एकच शब्द पुरला असावा. आमच्यासारख्या लेखणी घासणाऱ्यानें झाडाच्या कलमाविषयीं लिहावें, यास एवढा आधार पुरेसा आहे असें समजतों.

आतां जपानकडे वळूं. रानांतलें मूळ झाड तेथें समुद्रकांठच्या टेकड्यांवर, विशेषतः इझु व बोसो द्वीपकल्पांच्या बाजूस आढळतें. त्याचा फुलोरा चेंडूसारखा नसून चपटा असतो. मध्यें बारीक सुपीक फुलें व कडेनें वांझ फुलांची झालर. जपानी लोक ह्या झाडास 'अजिसाइ' म्हणतात. आठव्या शतकांतील 'मान्योशू' नामक काव्यसंग्रहांत साडेचार हजार कविता आहेत, पण अजिसाइचा उल्लेख अवघ्या दोहोंत आहे. चेरीला आणि प्लमला जो मान मिळाला तो ह्याला पुष्कळ शतकें मिळाला नाहीं. रंग बदलणारें फूल म्हणजे चंचल मनाचें फूल, अशी त्याची ख्याति. सात रूपें पालटणारें असें एक उपनांवही त्यास आहे. तथापि कोणी तरी, केव्हां तरी, झालरीच्या जागीं सबंध चेंडू आलेली एक फांदी पाहिली, ती छाटली आणि अंगणांत लावली. त्या माणसाचें नांव कोणास ठाऊक नाहीं. आजचा सर्व पसारा त्या एका छाटणीपासून, किंवा तिच्यासारख्या कांहीं थोड्या छाटण्यांपासून, निघालेला आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून जपाननें युरोपियनांना दार बंद केलें. फटीएवढी जागा ठेवली ती नागासाकी बंदरांतील देजिमा ह्या पंख्याच्या आकाराच्या, माणसांनीं भराव घालून केलेल्या चिमुकल्या बेटावर. १६४१ पासून तेथें फक्त डच व्यापारी राहत. त्यांना पूल ओलांडून गांवांत येण्यास बंदी. आणि स्त्रियांपैकीं केवळ नायकिणींनाच पूल ओलांडून आंत जाण्याची मुभा. ह्या पिंजऱ्यांत १७७५ सालीं थुनबर्ग नांवाचा स्वीडिश वैद्य डच म्हणून आला. हा लिनियसचा शिष्य. बाहेर जातां येईना तेव्हां बेटावरच्या गुरांसाठीं जो चारा येई तो उपसून त्यांतून हा नवीन वनस्पति वेंचीत बसे, अशी त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यानें १७८४ सालच्या आपल्या ग्रंथांत आपल्या ह्या झाडास 'मॅक्रोफिला', म्हणजे मोठ्या पानांचें, असें विशेषण दिलें. मात्र त्याचें कूळ चुकवून त्याला दुसऱ्याच गणांत घातलें. ही चूक १८३० सालीं दुरुस्त झाली, पण विशेषण राहिलें. तें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

थुनबर्गनें नेलीं तीं वाळलेलीं पानें. जिवंत झाड युरोपांत पोंचलें तें चीनच्या मार्गानें. चिनी बागांत तें जपानांतून आधींच आलेलें होतें, अर्थात् फांदीच्याच रूपानें. तेथून सर जोसेफ बँक्स यांनीं १७८९ च्या सुमारास तें लंडनजवळच्या क्यू येथील बागेंत आणविलें. ह्याच काळांत फ्रान्समध्यें त्याला 'हॉर्टेन्सिया' हें नांव मिळालें. नेपोलियनची सावत्र मुलगी हॉर्टेन्स हिच्यावरून तें पडलें असें अनेकजण सांगतात. ही दंतकथा होय. तें नांव देणारा कॉमेर्सन हा १७७३ सालीं मॉरिशसमध्यें वारला, आणि ही राजकन्या जन्मली १७८३ सालीं. मग ही हॉर्टेन्स कोण, याविषयीं तीन-चार स्त्रियांचीं नांवें पुढें करण्यांत येतात, परंतु त्यांपैकीं एकही आम्हांस पटत नाहीं. लॅटिन भाषेंत बागेला जो शब्द आहे त्यावरूनच तें साधलें असावें असें आम्हांस वाटतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. १८२३ सालीं देजिमावर फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ड नांवाचा सत्तावीस वर्षांचा वैद्य उतरला. हा जर्मन, वुर्ट्सबुर्गचा. त्याचे डच उच्चार जपानी दुभाष्यांना खटकले, कारण त्यांची डच भाषा त्याच्याहून चांगली होती. तेव्हां हा डोंगराळ भागांतला डच आहे म्हणून असें बोलतो, असा खुलासा करण्यांत आला. हॉलंडांत डोंगर नाहींत हें त्या दुभाष्यांना ठाऊक नव्हतें, हें त्याचें नशीब. त्याची वैद्यकी पाहून त्याला गांवांत जाण्याची परवानगी मिळाली, आणि १८२४ सालीं नारुताकी येथें त्यानें शाळा काढली. जपानच्या कानाकोपऱ्यांतून तरुण वैद्य तेथें येऊं लागले. फीच्या ऐवजीं ते गुरूला वनस्पति, प्राणी, निबंध आणून देत. देजिमाच्या बागेंत झीबोल्डनें शेंकडों झाडें लावलीं, आणि आपल्या पूर्वी येऊन गेलेल्या केंप्फर व थुनबर्ग या दोघांच्या स्मरणार्थ एक शिलाही उभी केली.

तेथेंच त्याची गांठ कुसुमोतो ताकी हिच्याशीं पडली. ती तेव्हां सोळा-सतरा वर्षांची होती. नायकिणींवांचून कोणा स्त्रीला पूल ओलांडतां येत नसे, म्हणून तिची नोंदही त्याच वर्गांत झालेली होती. ती मूळची तशी होती कीं केवळ नियमाच्या सोयीसाठीं ती नोंद झाली, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. दोघें पतिपत्नीसारखीं राहिलीं. १८२७ सालीं त्यांना मुलगी झाली. तिचें नांव इने.

ह्या संसाराचा शेवट नकाशांनीं केला. १८२६ सालीं डच वकिलाबरोबर झीबोल्ड एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, गेला. तेथें सरकारी ज्योतिषी ताकाहाशी कागेयासु यांच्याशीं त्याचा स्नेह जडला. ताकाहाशींना हवे होते युरोपियन ग्रंथ व नकाशे. झीबोल्डला हवा होता जपानचा नकाशा. इनो तादाताका यानें सारा किनारा पायांखालीं घालून तयार केलेले अपूर्व नकाशे तेव्हां राजरहस्य होते. ते परकीयाला देणें म्हणजे राजद्रोह. ते दिले गेले. १८२८ सालीं प्रकरण उघडकीस आलें. ताकाहाशी तुरुंगांत मरण पावले; त्यांचें प्रेत मिठांत जतन करून ठेवण्यांत आलें, आणि रीतसर निकाल लागल्यावर त्या प्रेताचा शिरच्छेद करण्यांत आला. दुभाषे व शिष्य यांपैकीं अनेकांना शिक्षा झाल्या. झीबोल्डला मात्र हद्दपारी. १८२९ च्या डिसेंबरांत त्यानें जपान सोडलें. ताकी व अडीच वर्षांची इने मागें राहिल्या. त्यांना देश सोडण्याची बंदी होती. ज्ञानाची भूक ही थोर गोष्ट खरी. पण ह्या प्रकरणांत तिची किंमत ज्यांनीं मोजली त्यांत झीबोल्डचा वांटा सर्वांत लहान होता, हें त्याच्या चरित्रकारांनीं जितकें ठासून सांगावें तितकें सांगितलेलें नाहीं.

त्याच्याबरोबर वाळलेले नमुने, चित्रें व जिवंत झाडें गेलीं. १८३५ पासून म्युनिकच्या झुकारिनी ह्या शास्त्रज्ञाच्या साह्यानें 'फ्लोरा जापोनिका' हा ग्रंथ भागाभागानें निघूं लागला. त्याच्या चित्रांना नागासाकीच्या कावाहारा केइगा ह्या चित्रकाराच्या चित्रांचा आधार होता. १८४० च्या सुमारास त्यांत निळ्या चेंडूचा हायड्रेंजिया प्रसिद्ध झाला, नवीन जात म्हणून. आणि नांव दिलेलें होतें 'ओटाक्सा'. हें जपानी लोकांतलेंच नांव असावें असा समज त्यावरून झाला. पुढें थोर जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो तोमितारो यांनीं शोध घेतला, तेव्हां हें नांव कोणीच वापरीत नाहीं असें त्यांना आढळलें. मग त्यांच्या ध्यानांत आलें. जपानी भाषेंत स्त्रीच्या नांवामागें 'ओ' व पुढें 'सान' लावण्याची रीत आहे. 'ओ-ताकी-सान' म्हणजे आपल्याकडचें 'ताकीबाई'. जर्मन जिभेवर त्याचें 'ओटाक्सा' झालें. माकिनो संतापले. नायकिणीचें नांव शास्त्रग्रंथांत दडवून फुलाचें पावित्र्य भ्रष्ट केलें, असा त्यांचा आक्षेप होता. आम्हांस त्यांच्या विद्वत्तेबद्दल अत्यंत आदर आहे, पण ह्या रागांत आम्ही त्यांचे वांटेकरी होऊं शकत नाहीं. पत्नी म्हणून जिचें नांव कोणत्याही दप्तरांत लिहितां येत नव्हतें, तें नांव लिहिण्याजोगें एकच पान त्या माणसाच्या हातीं होतें.

परंतु शास्त्राचा नियम कठोर असतो. एका जातीला दोन नांवें पडलीं असतील तर आधीं दिलेलें ग्राह्य, मागून दिलेलें त्याज्य. झीबोल्डचें झाड ही निराळी जात नसून थुनबर्गच्याच 'मॅक्रोफिला'चा बागेंतला एक प्रकार ठरला. येणेंप्रमाणें ताकीचें नांव शास्त्रांतून गळालें. तें उरलें तें माळ्यांच्या भाषेंत. 'ओटाक्सा' हें त्या एका विशिष्ट झाडाचें, म्हणजे त्याच्यापासून छाटून लावलेल्या फांद्यांचें, नांव म्हणून चालूं राहिलें. कोणी ना कोणी त्याची फांदी लावीत राहील तोंवरच त्या नांवाला जिवंत अर्थ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें लमवान व मुयेर यांनीं हायड्रेंजियाचे जे नवे संकर केले त्यांत 'ओटाक्सा'चें रक्त आहे. १९०९ सालचा मुयेरचा पांढरा प्रकार, ज्याला त्यानें 'मादाम एमिल मुयेर' हें नांव दिलें, आजही विकत मिळतो. पत्नीचें नांव फुलाला देण्यांत मुयेरला कसलीच चोरी नव्हती.

आतां प्रत्यक्ष फांदीविषयीं. आमच्या घरांतील स्त्रीवर्गानें ह्या बाबतींत पुस्तकांपेक्षां अधिक शहाणपण दाखविलें हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. फांदी घ्यावी ती यंदाची, फूल न आलेली. कारण फूल धरलेल्या फांदीची शक्ति फुलांत खर्ची पडते. लांबी चार ते सहा इंच. खालचा छेद पेऱ्याच्या किंचित् खालीं, धारदार सुरीनें. खालचीं पानें काढून टाकावीं, शेंडा राखावा, व उरलेलीं मोठीं पानें निम्मीं कापावीं, म्हणजे मुळांवांचून असलेल्या फांदीचें पाणी उडून जात नाहीं. मग वाळू व कुजलेला पाला यांच्या मिश्रणांत ती खोंचून, पाणी घालून, सावलींत ठेवावी व वर कांचेची बरणी पालथी घालावी. रोज एकदां बरणी उचलून वारा द्यावा, नाहीं तर बुरशी धरते. तीन-चार आठवड्यांनीं फांदी हलकेच ओढून पाहावी. तिनें धरून ठेवलें तर मुळें सुटलीं.

शेंडा कां राखावयाचा, याचें उत्तर फार उशिरां मिळालें. युरोपांतले जुने माळी छेदाच्या तोंडाशीं चीर पाडून तींत गव्हाचा दाणा अडकवीत, आणि त्यांना हंसणारे विद्वानही पुष्कळ होते. १९२० ते १९३५ च्या दरम्यान कळून आलें कीं कोंवळ्या शेंड्यांत, कळ्यांत 'ऑक्सिन' नांवाचें द्रव्य तयार होतें. तें खालीं उतरतें, छेदापाशीं सांचतें व मुळें फोडतें. रुजणारा दाणाही तसलेंच द्रव्य पुरवितो. हंसणाऱ्यांनीं माफी मागितल्याचें ऐकिवांत नाहीं.

बरणीचीही एक कथा आहे. झीबोल्डनें जपान सोडलें त्याच १८२९ सालीं वॉर्ड नांवाच्या लंडनच्या वैद्यानें एका पतंगाचा कोश ओल्या मातींत घालून बाटली बंद केली. पतंगाचें काय झालें तें राहो. त्या मातींतून नेच्याचें एक रोपटें उगवलें व बाहेरून पाणी न घालतां वाढूं लागलें. त्यावरून त्यानें कांचेच्या बंद पेट्या केल्या, आणि १८३३ सालीं त्या पेट्यांतून झाडें जिवंत सिडनीला पोंचलीं. तोंवर समुद्रावरून नेलेलीं बहुतेक झाडें खाऱ्या वाऱ्यानें मरत. आमच्या ओट्यावरची लोणच्याची पालथी बरणी ही त्या पेटीची सख्खी बहीण आहे.

आमची फांदी जगली. यंदा तिला पहिला फुलोरा आला, आणि घरांत मोठा वाद माजला. महाबळेश्वरास जें झाड निळें, त्याच्याच फांदीला येथें पुण्यांत फिकें गुलाबी फूल! फांदी देणाऱ्या बाईंनीं भलतीच फांदी दिली असा निकाल होण्याच्या बेतांत होता. पण बिचाऱ्या निर्दोष होत्या. ह्या फुलांतला रंग एकच. मातींतलें ॲल्युमिनियम त्याला मिळालें तर निळा, न मिळालें तर गुलाबी दिसतो. महाबळेश्वरची जांभ्याची माती आंबट. तींत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळतें. आमच्या काळ्या मातींत चुना फार. तींत तें बांधलेलें राहतें. जुने माळी निळ्या रंगासाठीं मुळांशीं गंजके खिळे पुरीत, व लोखंडानेंच फूल निळें होतें अशी त्यांची खात्री होती. १८९७ सालीं मोलिश नांवाच्या शास्त्रज्ञानें प्रयोग करून दाखविलें कीं खिळ्यांचा उपयोग नाहीं, तुरटीचा आहे. कारण तुरटींत ॲल्युमिनियम असतें. तेव्हांपासून आमच्या न्हाणीघरांतली तुरटी बागेंत जाऊं लागली आहे. गुण येतो कीं नाहीं तें पुढच्या वर्षीं दिसेल.

ताकीचें पुढें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. तिनें दुसरें लग्न केलें. शिंपल्याच्या जडावांत ताकी व इने यांचीं चित्रें काढलेलें लाखी काम झीबोल्डजवळ होतें. तें आज नागासाकींत आहे. इने वाढली ती घाऱ्या डोळ्यांची, संकराची मुलगी म्हणून लोकांच्या नजरा सोशीत. बापाच्या शिष्यांकडे तिनें वैद्यक शिकण्याचें ठरविलें. त्यांपैकीं ज्याच्याकडे ती प्रसूतिशास्त्र शिकली त्यानेंच तिच्यावर अत्याचार केला, व त्यांतून तिला एक मुलगी झाली. तरीही तिनें विद्या सोडली नाहीं. १८५९ सालीं बंदी उठल्यावर झीबोल्ड तीस वर्षांनीं परत आला व मायलेकींना भेटला; दरम्यान त्याचें जर्मनींत लग्न होऊन मुलेंही झालीं होतीं. तो १८६६ सालीं म्युनिक येथें वारला, ताकी १८६९ सालीं. पुढच्याच वर्षीं इनेनें टोकियोंत आपला दवाखाना उघडला, आणि १८७३ सालीं राजवाड्यांतल्या एका बाळंतपणासाठीं तिला बोलावणें आलें. पाश्चात्य वैद्यक शिकून तो व्यवसाय करणारी जपानची पहिली स्त्री म्हणून तिचें नांव घेतात. ती १९०३ सालीं वारली.

अजिसाइ हें आज नागासाकी शहराचें अधिकृत फूल आहे. पावसाच्या दिवसांत तेथें त्याचा उत्सव होतो, आणि त्या दिवसांत तेथील लोक त्याला हौसेनें 'ओताकुसा' म्हणतात.